मुंबईचा ठराव आणि पऱ्यावरचा साकव

आगबोटीने भोंगा दिला तशी मी सगळ्यात आधी कोटाच्या आतल्या खिशातला ठराव चाचपून पाहिला. तो होता. मग समुद्र लागला आणि ठरावाची आठवण दुपारपर्यंत झाली नाही.

हा ठराव कसला, ते आधी सांगायला हवं. परळला एका चाळीत पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका गावाची खोली आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मंडळी मला भेटायला येतील. त्या गावची पंचवीस-तीस माणसं गिरण्यांत आहेत. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एक झोपतो तेव्हा दुसरा कामावर असतो आणि एवढीशी खोली सगळ्यांना पुरते. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि तिथे संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग चालवतो. चालवतो म्हणणं जरा धाडसाचंच आहे. अक्षरं गिरवायला कोणालाच आवडत नाही, गोष्ट मात्र सगळ्यांना हवी असते. मिठाच्या चळवळीनंतर तर फारच. म्हणून मी त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगायला घेतली होती. इंग्लंडातून तिकडे जाऊन वसलेली माणसं, त्यांच्यावर समुद्रापलीकडून कर बसवणारी सभा, त्या सभेत त्यांचा एकही माणूस नाही. मग अर्ज, मग बहिष्कार, मग बंदरातल्या पाण्यात फेकलेला चहा. चहा फेकला की खोलीत अशी टाळी पडायची की शेजारचे भिंत ठोकायचे.

याच खोलीत दर महिन्याला गावचा कारभारही चालतो. देवळाची कौलं कधी शाकारायची, शिमग्याची पालखी कुठल्या दिवशी उठवायची, बांधाचा तंटा कसा तोडायचा, सगळं परळला ठरतं आणि पत्राने गावी जातं. गेल्या पावसाळ्यानंतर असंच ठरलं की गावात देवळात भरणाऱ्या शाळेला इमारत बांधायची. लोकल बोर्ड कायमचा मास्तर द्यायला तयार होतं, इमारत गावाने उभी करायची होती. खोलीने ठराव केला की शाळा देवळामागे, गावाच्या दोन वाड्यांपैकी खालच्या वाडीत व्हावी. तिला मोठी पडवी असावी, म्हणजे शिमग्याला मुंबईकर गावी गेले की त्यांना उतरायला सोय. दिवाळीत एक जण जाऊन आखणीच्या खुंट्या मारून आला. दुसऱ्या सकाळी खुंट्या जागेवर नव्हत्या. गावच्या बायकांनी त्या उपटून पऱ्यात (डोंगरातल्या ओढ्यात) टाकल्या होत्या.

खोली खवळली. आता पुन्हा जाऊन ठराव वाचून दाखवायला, खुंट्या मारायला आणि गावाला चार शब्द समजावायला दोन्ही वाड्यांशी नातं नसलेला, शिकलेला माणूस हवा होता. माझी रजा शिल्लक होती. मी फुशारून हो म्हटलं. चहा फेकणाऱ्यांना शाबासकी देणारा मी खुंट्या फेकणाऱ्यांना समज द्यायला निघालो होतो आणि त्यात काही विचित्र आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतिहासाच्या मास्तरांना लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं दिसत नाही.

धक्क्यावर पोचवायला धोंडू आला होता. वर्गातला माझा सगळ्यात लाडका श्रोता आणि सगळ्यात ढ विद्यार्थी. बायकोसाठी लुगडं आणि पोरीसाठी खजूर माझ्या हाती देत तो म्हणाला, "पारूला सांगा मास्तर, जास्त डोकं चालवू नको म्हणावं. खुंट्या तिनंच उपटल्या असतील."

बाणकोटच्या तोंडाशी आगबोटीतून मचव्यात उतरलो तेव्हा कुठे जिवात जीव आला. भरती लागली की सावित्री उलटी वर चढते आणि मचवा तिच्याबरोबर. दोन्ही बाजूंना खारफुटी, तिच्यामागे कापून झालेली भातखाचरं, आणि काठावर आमच्याकडे ढुंकूनही न पाहणारे बगळे. दासगावला उतरून बैलगाडीने महाडला पोचलो ते अंग खिळखिळं करून घेऊनच. खाणावळीत गरम भात आणि कुळथाचं पिठलं समोर आलं तेव्हा मी गाडीवानाला मनातल्या मनात माफ केलं.

सकाळी चवदार तळं पाहायला गेलो. चार वर्षांपूर्वी हजारो अस्पृश्य मंडळी इथे चालत आली, पायऱ्या उतरली आणि ओंजळीने पाणी प्यायली, एवढं वर्तमानपत्रात वाचलेलं. पाहायला म्हणाल तर चौफेर दगडी काठ, त्यात हिरवट पाणी, कपडे धुणाऱ्या चारदोन बायका. मीही पायऱ्या उतरून ओंजळभर प्यायलो. कोणी हटकलं नाही. वर आलो तर रस्त्यापलीकडच्या झाडाखाली एक मध्यम वयाचा माणूस बसला होता. डोक्याला मुंडासं, शेजारी लोहाराकडून शेवटून (पाणी पाजून) आणलेली कुऱ्हाड. तो माझ्याकडे पाहत होता.

"कसं लागलं?" त्याने विचारलं.

"पाण्यासारखं," मी म्हटलं.

"आमालाबी तसंच लागलं होतं." तो हसला. "एकदाच प्यायलो. आता पानी कोर्टात हाय."

त्याचं नाव गंगाराम. गाव विचारलं तर मी निघालो होतो तेच. महारवाड्यात त्याचं घर, लाकूडकामात हात तयार. कुऱ्हाड घेऊन तो परतच निघाला होता. मी त्याला वाटाड्या म्हणून बरोबर घेतलं असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे त्यानेच मला बरोबर घेतलं. वाटेत मी त्याला विचारलं, की एक दिवस पाणी पिऊन पुढे चार वर्षं कोर्टात बसायचं, तर मिळालं काय?

"त्या दिवसापासून आमाला ठावं हाय का पानी आमचं हाय," तो म्हणाला. "उरलेलं कागदाचं काम. त्याला येळ लागतोच."

मला माझा वर्ग आठवला. चहा फेकला, युद्ध जिंकलं, संपलं, असं मी तिथे सांगत असे. कागदाच्या कामाशी येईपर्यंत श्रोते पेंगायला लागत आणि मीही घाईने उरकत असे.

पोलादपूरची मोटार वेळेवर निघाली हे नवल, आणि अर्ध्या वाटेत तिचं चाक बसलं हे नवल नव्हे. गंगारामला ड्रायव्हरने मागच्या फळीवर बसवलं होतं. चाक बदलून मोटार ढकलायची वेळ आली तेव्हा मात्र कोण कुठे बसला होता हे कोणी विचारलं नाही. पोलादपूरहून पुढे पायी. कापडे गावाच्या शिवारात भात निघून गेलेल्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल आणि पावटा तरारला होता. समोर आंबेनळीचा घाट, आणि त्यावर मुंगीच्या वेगाने चढणारी एक बैलगाडी. कापड्याच्या वर आमची वाट घाट सोडून डाव्या अंगाने कारवीच्या झुडपांतून चढत गेली. माझे बूट मुंबईच्या रस्त्यांसाठी शिवलेले. तिसऱ्या चढावर उजव्याचा तळ सुटला आणि गंगारामने तो वाखाच्या दोरीने बांधून दिला.

गाव म्हणजे दोन वाड्या. खालची देवळाभोवती, वरची डोंगराच्या खांद्यावर, आणि मध्ये पऱ्या. खालच्या वाडीच्याही खाली वेगळा महारवाडा. गंगाराम तिकडे वळला आणि मी पाटलांच्या पडवीत चढलो. राघू पाटील सत्तरीचे, आवाज खणखणीत, ऐकू मात्र सोयीप्रमाणे यायचं. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि ताक असं जेवण झालं. मुंबईच्या वर्गातली गोष्ट गावात पोचली होतीच. पाटील म्हणाले, "ती चाची गोष्ट सांगा की, मास्तर."

दिवेलागणीला पडवी भरली. पुढे म्हातारे, मागे बायका, खाली अंगणात गंगाराम आणि त्याचा भाऊ. मी रंगात आलो. ज्या सभेत आपलं माणूस नाही तिचा हुकूम आपण का मानावा, हे वाक्य मी तीनदा म्हटलं. एकदा साधं, दोनदा हात उंचावून. मागच्या बायकांतून एकीने विचारलं, "पन त्या सभंतली मानसं ह्यांचीच भावकी ना?"

"भावकीच," मी म्हटलं. "एकाच देशाची, एकाच बोलीची. पण लांब बसलेली."

"आसं," ती म्हणाली. ती वरच्या वाडीतली, धोंडूची बायको पारू, हे मला लुगडं देताना कळलं. धोंडूचा निरोप मी दिला नाही. तिच्याकडे पाहून धीरच झाला नाही.

सकाळी सहाणेवर (पालखी बसवायच्या चौथऱ्यावर) गावकी भरली. मी जरा उशिरा पोचलो. म्हातारे गोल बसले होते आणि मध्ये मध्ये रिकामी कांबळी अंथरलेली होती, नीट झटकून, चारी टोकं सरळ करून. पाहुण्यांसाठी केवढी ही सोय, असं वाटून मी त्यातल्या बऱ्यापैकी नव्या कांबळ्यावर मांडी घातली आणि ठराव बाहेर काढला.

मग एक म्हातारा तोंडाला उपरणं लावून हसायला लागला.

"मास्तर," पाटील म्हणाले, "तुमी धोंडूच्या घरावर बसलात."

मग उलगडा झाला. गावकीत घरटी एक माणूस बसतो. जो मुंबईला असेल त्याचं कांबळं त्याची बायको किंवा आई आणून अंथरते आणि स्वतः मागे भिंतीशी जाऊन उभी राहते. कांबळं अंथरलं म्हणजे घर हजर. आणि मुंबईचा ठराव वाचला की कांबळ्याचा होकार धरायचा, कारण कांबळ्याचा मालक तिकडे हो म्हणालेला असतोच. कांबळ्यावर जो बसेल त्याला मात्र त्या घराचा शब्द. मी म्हणजे नकळत धोंडूचं घर बळकावून बसलो होतो. मी गडबडीने उठायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या," भिंतीकडून आवाज आला. पारू पुढे येत होती. "पाटीलबाबा, हा तिऱ्हाईत मानूस. ह्याचं ना ह्या गावात रान, ना पोर. तो बसला तर काय बिघडलं नाय. मग मी बसले तर काय बिघडंल?"

"आजवर बसलं नाय कोन बाईमानूस," पाटील म्हणाले.

"आजवर मास्तरबी नव्हता बसला."

हशा झाला, आणि हसू ओसरायच्या आत ती बसलीही. मी उठून खांबाला टेकलो. बसताना तिने कांबळ्याचं टोक मुठीत घट्ट धरलं. हे मी जवळ होतो म्हणून पाहिलं.

मी ठराव वाचला. माझ्याच वर्गात मी उत्तम वाचतो असा माझा समज आहे, पण त्या दिवशी पडवीच्या कलमाशी जीभ अडखळली. वाचून झाल्यावर पाटील नेहमीच्या सवयीने म्हणाले, "कांबळी हो म्हनतात."

"माझं कांबळं नाय म्हनतं," पारू म्हणाली. "मास्तर, काल तुमीच बोललात ना? ज्या सभंत आमी नाय, तिचा हुकूम कशापायी मानायचा? परळच्या खोलीत आमच्यातली कोन होती?"

खोटं कशाला सांगू, मला आधी राग आला. माझी गोष्ट, माझंच वाक्य, आणि ते माझ्याच कानाखाली वाजवलेलं! पण रागाला धरायला काही सापडेना. मी ठरावाची घडी घातली आणि म्हटलं, "कोणी नव्हती. बाई बरोबर बोलतायत."

मग भिंतीपासची एक जण आली आणि आपल्या कांबळ्यावर बसली. मग दुसरी. एक सासू सुनेला म्हणाली, "तू बस गो, माझं गुडघं दुखतात." थोड्या वेळात एकही कांबळं रिकामं राहिलं नाही. मुंबईचा ठराव नको, यावर दोन्ही वाड्यांचं एकमत झालं. असा आरडाओरडा झाला की गुरं बिथरली. मला वाटलं, पाहता पाहता स्वातंत्र्य मिळालंसुद्धा.

आणि तिथूनच खरी पंचाईत सुरू झाली. मुंबईची जागा नको, मग कुठली हवी? वरची वाडी म्हणाली, वर बांधा. खालची म्हणाली, आमची पोरं पावसात पऱ्या ओलांडून वर जायची का? वरची म्हणाली, तीन वर्षं आमची येत नाहीत तेव्हा कुठे होतात? कोणाची तरी हरवलेली म्हैस निघाली, कोणाच्या तरी लग्नातला मानपान निघाला. मघाशी एकमेकींना टाळ्या देणाऱ्या बायका एकमेकींचं माहेर काढू लागल्या. दुपारी गुरं सोडायची वेळ झाली तशी गावकी काही न ठरताच उठली. पाटील माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, मास्तर. मुंबईचा ठराव बरा होता. निदान भांडान नव्हतं." त्यांना वाईट वाटत होतं, ते मला टोमणा मारत नव्हते.

उन्हं कलली तेव्हा पारूने मला पऱ्याकडे नेलं. खडकांतून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. एवढंसं ओलांडायला काय अवघड, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात तिने काठावरच्या कातळावर हात उंच करून एक रेघ दाखवली. आषाढात पाणी तिथवर येतं. ती रेघ माझ्या डोक्याच्या वर होती.

"माझी चंद्री," ती म्हणाली, "चार म्हयने घरी बसते. पानी उतरलं का शाळंत जाते, तवर सगळी अक्षरं इसरलेली. पुन्यांदा ग म भ न. तिसरं साल चाललंय, पोर पह्यलीतच हाय. आता सासू म्हनते गुरामागं धाडा. धन्याचं पत्र येतं तर पाटलाकडं न्यावं लागतं. म्हातारा वाचतो निम्मं, गिळतो निम्मं. मला वाटतं, पोरीनं वाचावं. यंदा झालं नाय तर मग ऱ्हायलंच."

ती रडली नाही. मलाच कसंतरी झालं. शाळा म्हणजे इमारत, असं मी आणि परळची खोली दोघंही धरून चाललो होतो.

संध्याकाळी पुन्हा कांबळी पडली. मी एवढंच सांगितलं, की चहा फेकणाऱ्या लोकांचंही असंच झालं होतं. राजाला घालवल्यावर त्यांची तेरा वाड्यांची भांडणं लागली. मग ऐन उन्हाळ्यात दारंखिडक्या लावून ती महिनोन्‌महिने एका खोलीत बसली आणि कोणाचंच पूर्ण मन भरणार नाही असा कागद करून उठली. "दारं लावून? मेली असती की गुदमरून," एक आजी म्हणाली. पण भांडण जरा खाली बसलं.

पारूने जागेचा विषयच काढला नाही. ती म्हणाली, "शाळा कुठंबी बांदा. आदी साकव घाला." साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल. लाकूड वरच्या वाडीच्या मालकीच्या रानातलं, जागा खालच्या वाडीची. पोरं बारा महिने इकडून तिकडे जातील, मग शाळा देवळामागे झाली तरी वरच्या वाडीची हरकत नाही. वरच्या वाडीकडून कुरकुर झाली, खालच्या वाडीकडून दोन प्रश्न आले, पण कोणी उठून गेलं नाही. मी न राहवून म्हटलं, "म्हणजे जागा मुंबईने सांगितली तीच की!"

"तीच," पारू म्हणाली. "पन आता ती आमी सांगितली."

ऐनाच्या चार मोठ्या तुळया लागणार होत्या. त्या तासणार कोण? सगळ्यांच्या माना खालच्या अंगणाकडे वळल्या. गंगारामचं कांबळं सहाणेवर पडत नाही. तो खाली उभा होता, सकाळसारखाच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या अमेरिकेच्या लोकांनीही स्वातंत्र्याचा कागद लिहिला तेव्हा आपले गुलाम बाहेरच ठेवले होते. हाही भाग मी वर्गात सांगत नसे.

"तासतो," गंगाराम म्हणाला. "भाऊबी येतील. पन आमची पोरं देवळाच्या शाळंत भाईर उन्हात बसतात. नव्या शाळंत आत बसतील."

"आदी साकव होऊ दे," पाटील म्हणाले.

"नाय, बाबा. आदी बोला. मग कुऱ्हाड उचलतो."

आवाज चढला नव्हता. पाटलांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मग पारू म्हणाली, "माझी चंद्री त्याच्या पोरीशेजारी बसंल." तिच्या शेजारच्या कांबळ्यावरची बाई थोडी सरकून बसली, हेही मी पाहिलं. पण उठली नाही. आणखी दोघी हो म्हणाल्या. एक म्हातारा पुटपुटला, साकवावरून सगळेच जाणार, मग शाळेचं काय घेऊन बसलात. शेवटी पाटलांनी जमिनीकडे पाहत म्हटलं, "बसू दे आत." गंगारामने ते पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणायला लावलं. पाटलांनी म्हटलं.

मी सगळं लिहून घेतलं. अंगठे उठले. पुढे गावात जे राहतात तेच गावकीत बोलणार, घरातून कोण बसायचं ते ज्याच्या त्याच्या घराने ठरवावं, हेही कलम पडलं. निघताना कागद माझ्या हातात देत पारू म्हणाली, "खोलीला सांगा, परवानगी नको. खांदं हवेत. तुळया आमी पाडू, तासू. पन पऱ्यावर चढवायला बाया आन म्हातारे पुरनार नाय. पाऊस पडायच्या आत आले तर साकव, नाय तर पोर गुरामागं."

उतरताना वरच्या रानातून कुऱ्हाडीचा आवाज कापड्यापर्यंत ऐकू येत होता. मचव्यात, आगबोटीत, मी खोलीत काय बोलायचं याची उजळणी करत होतो. गावी जाताना समुद्र लागला होता, परतताना लागायला सवडच मिळाली नाही.

रविवारी खोली गच्च भरली. मी कागद वाचला. खोलीचा म्होरक्या लक्षुमणदादा, तीस वर्षं गिरणीत काढलेला, डोळे मिटून ऐकत होता. जागेचं कलम आलं तसे दोघं-तिघं ओरडले, "मग आमचंच झालं की!" पुढची कलमं आली तसे एकमेकांकडे बघायला लागले. आत बसायचं कलम आल्यावर एक जण चिडून म्हणाला, "हे आमाला इचारल्याबिगर?" कोणीतरी म्हणालं, "बाया ठराव करनार, आन आमी ऐकायचं?" माझी सगळी उजळणी मी बाजूला ठेवली. मी फक्त पारूचा निरोप जसाच्या तसा सांगितला. परवानगी नको, खांदे हवेत.

लक्षुमणदादाने डोळे उघडले. "आत बसायचं पुन्यांदा वाचा," तो म्हणाला. मी वाचलं. ऐकताना त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याला ते आवडलं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"गेल्या साली आपन मोर्च्यात काय वरडत होतो?" तो म्हणाला. "आमचं आमी बघू, हेच ना? आता घरातनं तेच ऐकू आलं तर साहेबावानी तोंड करू नका. गावानं ठरीवलंय. आपल्याला तुळया चढवायला बोलावलंय. शिमग्याच्या आठ दिस आदी कोनाकोनाला रजा मिळंल ते बोला."

एकेक हात वर होऊ लागले. चिडलेल्याचा शेवटी झाला, पण झाला. माझ्या गोष्टीतल्या राजाने आपल्या दूरच्या लोकांकडे फौज पाठवली होती. या खोलीने बारा खांदे पाठवायचं ठरवलं. घरच्या लोकांना मोकळं करणं परक्यापासून मोकळं होण्याइतकंच कठीण असतं, आणि ते माझ्यासमोर, गिरणीच्या पाळ्या सांभाळत, अर्ध्या तासात झालं. स्वराज्य येईल का, केव्हा येईल, हे मला अजूनही सांगता येत नाही. आलं तर ते सांभाळणारी माणसं आहेत, एवढं मात्र मी आता पैजेवर सांगेन.

धोंडू इतका वेळ कोपऱ्यात होता. सगळे पांगल्यावर तो जवळ आला. "पारू बोलली? सगळ्यांसमोर?" मी सांगितलं. त्याने पुन्हा सांगायला लावलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, साकव झाला का पोर वाचायला लागंल, नाय?"

"लागेल."

"मग माझं पत्र लिवायला दुसरा कशाला?"

दुसऱ्या दिवशीच्या वर्गात अमेरिका पुढे सरकली नाही. खोली गोष्टीसाठी कुरकुरत होती. धोंडू भिंतीकडे तोंड करून, जीभ दातांत धरून, पाटीवर चंद्रीचा च गिरवत होता.